दहावी लांबवायची तर ठरवून लांबवा: घरी आणि सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

घरी शिकणाऱ्या मुलाला चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थानची, दहावी त्याला खुली होते. आठवीची गुणपत्रिका नसेल तर मूल हा अभ्यासक्रम पेलू शकतं असं स्वयंघोषणापत्र चालतं. प्रवेश इतका सोपा आहे म्हणूनच बऱ्याच घरांत घाई होते. बरोबरीची मुलं नववीत गेली, आता आपणही फॉर्म भरून टाकू, असा विचार सुरू होतो. पण चौदा ही किमान वयाची अट आहे. कमाल वयाची अट एनआयओएसला नाहीच. सोळाव्या, अठराव्या किंवा विसाव्या वर्षी दहावी झाली तरी प्रमाणपत्र तेच मिळतं.

डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्कॅल्क्युलिया (गणितातली अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता), ऑटिझम, सौम्य बौद्धिक अक्षमता, किंवा कुठल्याच कागदावर नाव नसलेला नुसता संथपणा, यांपैकी काहीही असलेल्या मुलांच्या पालकांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन-तीन वर्षं जास्त घेण्यात काही गैर नाही, मात्र ती वर्षं मोजून आणि तारखा घालून घ्यायला हवीत. 'पुढच्या वर्षी बघू' असं तीनदा म्हटलं की मूल एकोणीस वर्षांचं होतं आणि हातात काहीच नसतं.

आधी मूल कुठे आहे ते बघा

'तो सहावीच्या लेव्हलला आहे' हे वाक्य ऐकायला नेमकं वाटतं, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही. वाचन चौथीचं, समज नववीची आणि लेखन दुसरीचं असं मूल असू शकतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

एनआयओएसची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, दहावीची मराठी माध्यमातही आहेत. सामाजिक शास्त्राचा किंवा गृहविज्ञानाचा मुलाने कधी न पाहिलेला एक धडा घ्या. पहिल्या दिवशी त्यातलं एक पान त्याला स्वतः वाचू द्या आणि काय समजलं ते सांगायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. तिसऱ्या दिवशी दोन प्रश्नांची तोंडी उत्तरं घ्या. चौथ्या दिवशी तशाच दोन प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या, मदत न करता आणि घड्याळ न दाखवता. चारही दिवसांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.

आता ताळा मांडा. ऐकून सगळं समजतं पण वाचताना अडतं, अशा मुलाला तीन वर्षं थांबवून फारसं काही साधत नाही. त्याला वाचून दाखवणारा माणूस, ध्वनिमुद्रित धडे आणि परीक्षेत लेखनिक हवा. तोंडी उत्तर छान येतं आणि कागदावर दोन ओळी उतरतात, तिथेही प्रश्न लेखनिकाचा किंवा टायपिंगचा आहे. मात्र वाचून दाखवलं तरी धड्यातला कार्यकारणभाव कळत नसेल, 'का' विचारल्यावर मूल धड्यातलंच वाक्य पुन्हा म्हणत असेल, तर त्याला खरोखर वेळ हवा आहे. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

ही चाचणी दर सहा महिन्यांनी नवा धडा घेऊन करा आणि मुलाने लिहिलेला कागद तारीख घालून फाइलला लावा. दोन वर्षांनी त्या फाइलकडे पाहिलं की थांबण्याचा उपयोग होतोय की नाही हे स्पष्ट दिसतं. आईबाबांच्या स्मरणशक्तीवर या बाबतीत विसंबू नये, ती एक तर फार उदार असते नाही तर फार कठोर.

कागदपत्रं: वेळ खाणारं काम, म्हणून आधी सुरू करा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया वगैरे), ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता त्यात येतात. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. इतर जिल्ह्यांतल्या पालकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारावं. तपासणी एका भेटीत संपत नाही: बुद्ध्यंक चाचणी, शैक्षणिक चाचणी, बालरोगतज्ज्ञ असे टप्पे असतात आणि रांगा मोठ्या असतात. परीक्षेच्या निदान एक वर्ष आधी नाव नोंदवा. जुना दाखला असेल तर त्याची मुदत तपासा, कारण वाढत्या वयात फेरतपासणी करावी लागते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्जही याच सुमारास करून टाका.

ज्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारणपेक्षा कमी पण बौद्धिक अक्षमतेच्या रेषेच्या वर येतो, ज्यांना आपण 'स्लो लर्नर' म्हणतो, ती मुलं त्या एकवीस प्रकारांत कुठेच बसत नाहीत. दाखला मिळत नाही आणि अभ्यास तर जड जातोच. या मुलांसाठी वेळ हीच सगळ्यात मोठी सवलत आहे आणि ती द्यायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. म्हणून दाखला नाकारला गेला तर लांबवण्याचा विचार सोडू नका. उलट तेव्हाच तो जास्त गंभीरपणे करा.

दुसरी डोकेदुखी नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नावच नाही, हे आपल्याकडे घरोघरी असतं. एनआयओएसच्या नोंदणीत जे नाव आणि जी जन्मतारीख जाईल तीच पुढे प्रमाणपत्रावर येते. नोंदणीआधी सगळे कागद एका ओळीत आणा. मूल कधी काळी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मिळवून जपून ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे जातवैधतेसाठी तो हमखास मागतात.

नोंदणी केव्हा करायची

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. समजा जुलै २०२६ मध्ये नोंदणी केली, तर पहिली संधी एप्रिल २०२७ ला आणि नववी एप्रिल २०३१ ला. एका वेळी पाचही विषय द्यावे लागत नाहीत. एक दिला तरी चालतो, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

पाच वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, पण घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून चालू होतं. चौदाव्या वर्षी फॉर्म भरला आणि मूल सतराव्या वर्षी पहिल्या पेपरला तयार झालं, तर अर्ध्याहून जास्त काळ वाया गेलेला असतो. म्हणून नोंदणी लांबवा, नोंदणीनंतर परीक्षा लांबवू नका. मी पालकांना एक साधी कसोटी सांगतो: पुढच्या बारा महिन्यांत मूल निदान दोन विषयांना बसू शकेल असं वरच्या चाचणीवरून दिसत असेल तरच फॉर्म भरा. नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. मुदत संपली तर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्या धक्क्यातून सावरायला मुलाला पैशांपेक्षा बरंच जास्त काही लागतं.

नोंदणीआधीच्या काळात हात बांधून बसायचं नाही. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. राज्यातही मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. ज्या मुलाने कधी उत्तरपत्रिका पाहिलेली नाही, त्याला आठवीच्या पातळीची परीक्षा देऊन दहावीकडे येऊ देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. बाकी या वर्षांत रोज थोडं वाचन, मराठी टायपिंग, पैशांचे व्यवहार, एकट्याने बसप्रवास, आठवड्यातून एखादा दिवस ओळखीच्या दुकानात किंवा रोपवाटिकेत काम. घरात सकाळी दहा ते पाच शाळा भरवू नका.

विषय निवडताना

दहावीला पाच विषय लागतात. त्यांत किमान एक भाषा हवी, जास्तीत जास्त दोन चालतात. गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत. हे कळल्यावर अनेक आया पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडतात, आणि तो रास्तच आहे. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाने बीजगणितासाठी तीन वर्षं रडत काढावीत यात मला काही अर्थ दिसत नाही. फक्त गणित सोडताना कुठली दारं बंद होतात ते मुलासमोर स्पष्ट बोला: अभियांत्रिकी पदविका, अकरावी विज्ञान, आयटीआयचे बरेचसे ट्रेड. व्यवहारातलं गणित, म्हणजे सुटे पैसे, वेळ, वजन, व्याज, घरी चालूच राहील.

विषय नावावरून घेऊ नका. 'डेटा एंट्री सोपी असेल' म्हणून घेतलेल्या विषयातही लेखी पेपर असतो. चित्रकलेतही असतो, आणि हात उत्तम चालणारं मूल तिथे अडू शकतं. मानसशास्त्र ऐकायला रंजक, पण अमूर्त कल्पनांनी भरलेलं. गृहविज्ञान मला या मुलांसाठी बहुधा चांगलं वाटतं, कारण धड्यातलं बरंचसं स्वयंपाकघरात करून दाखवता येतं. तरी निर्णय पुस्तक चाळून घ्या, आणि मुलाला घेऊन चाळा.

इंग्रजीचं काय? पुढे राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचा विचार असेल तर तिथे बारावीपर्यंत इंग्रजी सक्तीचं आहे, तेव्हा आत्ता घेतलेलं बरं. बारावीही एनआयओएसमधूनच करायची असेल तर मराठी ही एकच भाषा ठेवून बाकी चार विषय घेता येतात.

राज्य मंडळाचा रस्ताही आहे. खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं आणि दाखला असलेल्या मुलांना तिथेही जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण पाच वर्षांत विषय सुटे सुटे पसरण्याची जी सोय एनआयओएसमध्ये आहे ती तिथे नाही, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. राज्य मंडळाच्या दहावीत काही विषयांत पास, काहींत नापास असं आधीच झालं असेल तर पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचं श्रेय एनआयओएसमध्ये वळवता येतं.

पेपर कसे पसरायचे

एक नमुना देतो. मुलगी जुलै २०२६ मध्ये सोळा वर्षांची आहे आणि मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान, चित्रकला, सामाजिक शास्त्र हे विषय घेतले आहेत. एप्रिल २०२७ ला मराठी आणि चित्रकला. ऑक्टोबर २०२७ मोकळा, म्हणजे एखादा पेपर राहिलाच तर त्यासाठी राखीव. एप्रिल २०२८ ला गृहविज्ञान आणि इंग्रजी. ऑक्टोबर २०२८ ला फक्त सामाजिक शास्त्र. अठराव्या वर्षी दहावी पूर्ण होते आणि तरीही पाच संधी हातात उरतात.

या मांडणीत तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिल्या परीक्षेत मुलीच्या आवडीचे विषय आहेत, कारण पहिल्या निकालावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सगळ्यात जड विषय एकटा ठेवला आहे आणि त्याच्यामागे संधी शिल्लक आहेत. शेवटचा पेपर ऑक्टोबरमध्ये आहे: निकाल साधारण वर्षअखेरीच्या सुमारास लागतो आणि जूनमधल्या अकरावीच्या धांदलीआधी गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र हे सगळं हातात येतं. काही गडबड झाली तर एप्रिलची संधी असतेच.

गृहपाठ, म्हणजे टीएमए, हा या मुलांचा खरा मित्र. त्याला २० टक्के भार आहे, आणि अभ्यासक्रमाची विभागणीही अशी केलेली आहे की साधारण ४० टक्के धडे टीएमएसाठी आणि ६० टक्के सार्वजनिक परीक्षेसाठी. त्यामुळे परीक्षेसाठी कुठले धडे आहेत ते आधी बघा, मगच वेळापत्रक करा. पास व्हायला ३३ टक्के लागतात, म्हणजे मन लावून केलेला टीएमए फार मोठा आधार ठरतो. तो आईनेच सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची पद्धत पडली आहे. गुण मिळतात खरे, पण मूल पेपरला प्रथमच एकटं लिहायला बसतं आणि तिथे कोसळतं.

लेखनिक आणि जादा वेळ: याचा सराव लागतो

पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. आता हेही बघा की तुमचं मूल सलग चार तास एका जागी बसू शकतं का. एडीएचडीच्या मुलासाठी जादा वेळ ही शिक्षाही ठरू शकते. सवलतीचा अर्ज परीक्षेआधी अभ्यास केंद्रामार्फत किंवा विभागीय केंद्राकडे करावा लागतो. महाराष्ट्रासाठी पुण्यात विभागीय केंद्र आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एनआयओएसने मान्यता दिलेली खास केंद्रंही आहेत. जवळचं अभ्यास केंद्र निवडण्याआधी या केंद्रांची चौकशी करा.

लेखनिकाला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. पूर्ण वाक्यात बोलायचं, लेखनिक लिहीत असताना थांबायचं, पुढचा मुद्दा डोक्यात धरून ठेवायचा, लिहिलेलं वाचून घ्यायचं, आणि चुकीचं लिहिलं असेल तर 'हे खोडा' असं मोठ्या माणसाला सांगायचं. शेवटचं अनेक मुलांना सगळ्यात अवघड जातं. निदान सहा महिने आधी सराव सुरू करा आणि तो आईबरोबर करू नका. आईला अर्ध्या शब्दावरून कळतं, ती नकळत वाक्य पूर्ण करते. शेजारची ताई, चुलतभाऊ, कॉलेजात जाणारा ओळखीचा मुलगा, असं कुणी तरी बघा. त्यांना सांगून ठेवा: बोललं जाईल तेवढंच लिहायचं. पहिले काही पेपर वाचण्यासारखे नसतील, तरी तसेच ठेवा आणि मुलाला वाचायला द्या.

'कितवीत आहेस?'

लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये हा प्रश्न येणारच. आजी काळजीने विचारते, काका चेष्टेने, पण मुलाला दोन्ही सारखंच लागतं. त्याला घरी बसून उत्तर तयार करू द्या. 'मी एनआयओएसमधून दहावी करतोय, दोन विषय झाले' हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. नोंदणी झालेली नसेल तर सध्या तो जे शिकतोय त्याचं नाव घ्यावं: टायपिंग, बागकाम, चित्रकला. त्याच्यासमोर त्याची बाजू मांडण्याची घाई पालकांनी करू नये. आणि 'एक वर्ष गॅप घेतलाय' असं खोटं शिकवू नये, मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपलं खरं सांगण्यासारखं नाही.

मुलाशी मात्र सगळं उघड बोला. वेळापत्रक भिंतीवर त्याच्या हाताने लावा. लांबवण्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे झाला तर त्याला ती नापासाचीच सौम्य आवृत्ती वाटते.

अठरावं वर्ष मध्ये येतं

दहावी लांबवली की बहुधा अभ्यास चालू असतानाच मूल सज्ञान होतं. आधी बँकेचं काम करा, अज्ञान खातं असेल तर ते बदलावं लागतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल आणि मूल स्वतःचे कायदेशीर निर्णय घेऊ शकणार नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. अध्ययन अक्षमता त्या कायद्यात येत नाही आणि अशा मुलांना त्याची गरजही नसते. ज्याला सही कळते आणि पैसे कळतात, त्याचं पालकत्व घेऊ नका. त्याच्याशी सल्लामसलत करा.

वय वाढल्याने कॉलेज हुकेल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. २०१६ च्या त्याच कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा आणि कमाल वयात पाच वर्षांची सूट आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक वेगळी सूचना, कारण तिथे गणित उलटं आहे. तिथे बऱ्याच राज्यांत घरी शिकवणारे पालक स्वतःच हायस्कूलचा डिप्लोमा देऊ शकतात, त्यामुळे परीक्षेची वाट बघायला नको. पण शाळा-जिल्ह्याकडून (स्कूल डिस्ट्रिक्टकडून) विशेष शिक्षणाच्या मोफत सेवा मिळण्याचा हक्क मुलगा नियमित डिप्लोमा घेतो तेव्हा संपतो, नाही तर साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत चालू शकतो. राज्यागणिक वय आणि घरशाळेचे नियम बदलतात. म्हणून सतराव्या वर्षी हौसेने डिप्लोमा देण्याआधी आपल्या जिल्ह्याकडे लेखी विचारणा करा.

लांबवणं कधी थांबवायचं

सहामाही चाचण्यांच्या फाइलमध्ये सलग दोनदा काहीच हललेलं नसेल, तर आणखी एक वर्ष त्याच पद्धतीने घालवू नका. शिकवण्याची पद्धत बदला, विशेष शिक्षक बघा, किंवा विषय बदला. मूल स्वतः 'मला आता परीक्षा द्यायची आहे' म्हणत असेल आणि तुम्हालाच आणखी तयारी हवी असेल, तर त्याला बसू द्या. एका विषयात नापास झाला तर एक संधी जाईल, एवढंच. नव्वद टक्क्यांच्या आशेने थांबणाऱ्या घरांबद्दल माझं मत कडक आहे: त्यात मुलाच्या गरजेपेक्षा घराची हौस जास्त असते.

आणि अठरा-एकोणीस वर्षांचं मूल वाचून दाखवूनही तिसरी-चौथीच्या पुढचं पकडत नसेल, तर दहावी हे ध्येय बाजूला ठेवायचीही तयारी हवी. आठवीच्या पातळीचं प्रमाणपत्र, आठवी पासवर चालणारे आयटीआयचे काही ट्रेड, एनआयओएसचे व्यवसाय अभ्यासक्रम, संरक्षित कार्यशाळा (दिव्यांगांना देखरेखीखाली काम देणारी केंद्रं), हे सगळे पगारापर्यंत जाणारे रस्ते आहेत. त्यांची चौकशी सतराव्या वर्षीच करून ठेवा, दहावीची तयारी चालू असतानाच. दोन्ही फाइली कपाटात शेजारी शेजारी राहू शकतात.